बूट चावला आणि माणूस आवडला नाही

ठाणेकर_जुना (१४ ऑक्टोबर, रात्री १०:५२)

दिवाळीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरून एक खोकं काढलं तर त्यात काळे लेदरचे बूट निघाले, एकदाच घातलेले. म्हणलं बघू तरी, म्हणून पायात सरकवले, हॉलमधून किचनपर्यंत गेलो आणि उजव्या टाचेला तो ओळखीचा चिमटा बसला. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या चुलत बहिणीच्या नवऱ्याचा राग आला. तो नाशिकला, मी ठाण्यात, चार महिने भेट नाही, भांडण तर कधीच नाही. पण राग आला.

मग उलगडत गेलं. सहा वर्षांपूर्वी या बहिणीच्या लग्नाचं बघत होते तेव्हा दोन्ही घरांची पहिली भेट नाशिकला एका हॉटेलात ठरली. त्यासाठी मी हे बूट घेतले होते. जेवण झालं आणि मुलगा म्हणाला, चला गंगेवर (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) जाऊन येऊ, जरा पाय मोकळे होतील. पाय मोकळे! गाडी लांब लावलेली, रामकुंडावरून पुढे किती चाललो देव जाणे, हा आपला लांब ढांगा टाकत पुढे, माहिती देतोय, पूर आला की पाणी नदीतल्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढतं वगैरे, आणि मी मागे टाचेवर भार न देता लंगडत. एकदा वळून म्हणाला, "काय, दमलात?" मला ते असं लागलं म्हणून सांगू.

घरी आल्यावर काकूने विचारलं, कसा वाटला? मी म्हणलं, चांगला आहे, पण जरा शिष्ट वाटला. बास. काकूचं म्हणणं की तू बाहेर वावरतोस, तुला माणसं कळतात. दोन महिने तिने होकार लांबवला, चौकशा झाल्या, मुहूर्त गेला जूनमध्ये, आणि ऐन जेवणाच्या वेळी मांडव गळला. बहीण अजून मला त्या श्रीखंडात पडलेल्या पाण्याची आठवण करून देते.

दाजी माणूस लाखात एक आहे हो. काकांच्या ऑपरेशनला आठ दिवस हॉस्पिटलच्या बाकावर झोपला होता. आणि तरी इतकी वर्षं माझ्या मनात त्याच्याबद्दल एक बारीक खडा होताच, तो कुठून आला ते आज कळलं.

तर प्रश्न असा, की शरीराला भलतंच काहीतरी होत असतं आणि बिल समोरच्या माणसाच्या नावावर फाटतं, असं तुमचं कधी झालंय का?

---

आंबटगोड

बूट दुकानातून, टाच स्वतःची, आणि शिष्ट दाजी. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

---

चौथी_सीट

आमचं रोजचं आहे हे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो तो अर्धा हवेत असतो, एका मांडीवर. डोंबिवली ते दादर या अवस्थेत बसा आणि मग शेजारच्या तिघांबद्दल मत विचारा. तिसरा माणूस, म्हणजे ज्याच्यामुळे मी हवेत असतो तो, मला कायम नालायक, स्वार्थी आणि बायकोला त्रास देणारा वाटतो. आणि कुर्ल्याला कोणी उठून मला आत सरकायला मिळालं की तोच माणूस एकदम सज्जन, त्याच्याकडे पेपर मागावासा वाटतो. माणूस तोच, फक्त माझ्या बुडाखाली चार इंच फळी आली.

---

मिरगुंड

छान विषय. मी मानसशास्त्रात एमए करतेय त्यामुळे राहवत नाही, जरा लांब लिहिते.

यावर एक फार गाजलेला प्रयोग आहे. २००८ मध्ये येल विद्यापीठातल्या लॉरेन्स विल्यम्स आणि जॉन बार्ग यांनी केला. ४१ विद्यार्थी. प्रयोगशाळेत जाताना लिफ्टमध्ये सोबतच्या बाईच्या हातात पुस्तकं, क्लिपबोर्ड आणि कॉफीचा कप, ती म्हणते जरा एवढा कप धरता का, मला तुमचं नाव लिहून घ्यायचंय. कुणाला गरम कॉफी, कुणाला बर्फाची. काही सेकंदच. वर गेल्यावर एका काल्पनिक माणसाचं वर्णन वाचायला दिलं आणि तो कसा वाटतो विचारलं. गरम कप धरलेल्यांना तो माणूस जास्त प्रेमळ, जास्त उदार वाटला. आपण लिफ्टमध्ये कप धरला होता याचा याच्याशी काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

याचं मूळ अजून जुनं आहे. सॉलोमन अ‍ॅशने १९४६ मध्ये एका माणसाचे सात गुण लोकांना वाचून दाखवले, हुशार, कुशल, कष्टाळू वगैरे, आणि मधला एकच शब्द बदलला. एका गटाला 'उबदार', दुसऱ्याला 'थंड'. पहिल्या गटातल्या ९१ टक्के लोकांना तो माणूस उदार वाटला, दुसऱ्यात फक्त ८ टक्के. बाकी सगळी यादी तीच.

आणि वजनाचाही प्रयोग आहे, २०१० चा. रस्त्यावरच्या ५४ लोकांना एकाच उमेदवाराचा बायोडेटा वाचायला दिला, काहींना हलक्या क्लिपबोर्डवर, साधारण ३४० ग्रॅम, काहींना दोन किलोच्या. जड बोर्डवाल्यांना उमेदवार जास्त सरस वाटला, नोकरीबद्दल जास्त गंभीर वाटला.

---

आंबटगोड

वजनाचा प्रयोग आपल्याकडे रोज यशस्वी होतो. फायलीवर वजन ठेवलं की अर्जदार एकदम गंभीर वाटायला लागतो. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

---

छापखाना

आंबटगोड, एक नंबर.

पण हसण्यावारी नेऊ नका, माझा धंदाच त्यावर चालतो. व्हिजिटिंग कार्ड छापायला गिऱ्हाईक येतं, मी दोन नमुने हातात देतो, एक साधं आणि एक ३०० जीएसएमचं, म्हणजे चांगल्या जाड कागदाचं, मॅट लॅमिनेशनवालं. कुणीही आधी वाचत नाही. आधी अंगठ्याने घासतात, मग कोपरा वाकवून बघतात, वाकला नाही की चेहरा बदलतो. त्यावर काय छापलंय, माणूस एलआयसी एजंट आहे की कारखानदार, ते नंतर. लग्नपत्रिकेचं तर विचारूच नका. परवा एक वधूपिता म्हणाले, पत्रिका हातात घेतल्यावर पार्टी कळली पाहिजे. मी म्हणलं काका, पत्रिकेवर पार्टीचं नाव आहेच की. तर म्हणे नाव वाचतो कोण.

---

बे_एके_बे

मजा चाललीय, त्यात मिठाचा खडा टाकतो, माफी असावी. संख्याशास्त्र हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

मिरगुंड, कॉफीचा प्रयोग तुमच्या अभ्यासक्रमात अजून असाच शिकवतात का? कारण तो परत करून बघितला तेव्हा टिकला नाही. त्याच पेपरात दुसरा एक भाग होता, हातात गरम किंवा गार पॅड द्यायचं आणि मग बक्षीस स्वतःला घेता की मित्राला देता ते बघायचं. तो २०१४ मध्ये तीन ठिकाणी मिळून ८६१ लोकांवर परत केला, काहीही फरक दिसला नाही. मूळ प्रयोगात ५३ माणसं होती. पुढे २०१९ मध्ये कॉफीवाला भागही दुसऱ्या संशोधकांनी केला, तिथेही पाटी कोरी. वजन आणि महत्त्व या जातीचे प्रयोगही २०१५ मध्ये एका गटाने ओळीने परत केले, तेच. तोंडात पेन धरून हसल्यासारखा चेहरा केला की कार्टून जास्त विनोदी वाटतं हा १९८८ चा प्रयोग, तो २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांत मिळून केला तर सापडला नाही.

डॅनियल काहनेमान, नोबेलवाले, यांनी या सगळ्यावर विश्वास ठेवून आपल्या पुस्तकात लिहिलं होतं. त्यांनीच २०१२ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांना उघड पत्र लिहिलं की घर सावरा, आणि २०१७ मध्ये सरळ कबूल केलं की छोट्या नमुन्यांवर मी नको तेवढा भरवसा ठेवला. मोठा माणूस.

४१ माणसं म्हणजे किती हो? आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त असतात.

---

मिरगुंड

मान्य. टीकाही शिकवतात, मी लिहिली नाही कारण धाग्याची मजा जाईल असं वाटलं, चूक माझी. पण अ‍ॅशचं तसं नाही, शब्द बदलला की मत बदलतं हे पुष्कळदा दिसलंय. फक्त तो शब्दाचा परिणाम आहे, कपाचा नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

अरे राजेहो, थे आठशे माणसं कायले मोजता, एक डाव मे महिन्यात चंद्रपुरात या न. पंचेचाळीस डिग्रीत लिफ्टमधी कोणी माह्या हातात गरम कॉफीचा कप देला तर मले सामोरचा माणूस प्रेमळ वाटीन? त्याच्याच डोक्स्यावर वतीन मी थो कप.

आता शुद्धात लिहितो कारण मुद्दा शिरेस आहे. आमच्याकडे उन्हातून पाहुणा आला की त्याला पहिले गुळाचा खडा आणि माठातलं पाणी. कूलरपुढची खुर्ची द्यायची, वाळ्याचा वास येतो, पाहुणा डोळे मिटतो आणि म्हणतो, जीव गार झाला. मग त्याला आमचं घर चांगलं वाटतं, आम्ही चांगले वाटतो, आमची पोरगीही चांगली वाटते. प्रेम म्हणजे ऊब हे त्या बर्फातल्या लोकांचं आहे. आमच्यात प्रेम म्हणजे गारवा.

---

पाटावरवंटा

ठेचाभाऊ, काय बोललात! धागा वाचता वाचता पोळ्या करायच्या थांबल्या माझ्या.

खरंच बघा ना आपल्या भाषेत. लेकरू दिसलं की डोळे निवतात. निवतात म्हणजे गार होतात! रागीट माणूस तापट, भडकू. समजूतदार माणसाचं डोकं थंड. आईच्या पदराची सावली, वडिलांचं छत्र, सगळी उन्हापासूनची सोय आहे ही. आणि पसायदानात ज्ञानेश्वर सज्जनांना काय म्हणतात? 'मार्तंड जे तापहीन'. सूर्य, पण ताप नसलेला. चांगुलपणा सांगायला सूर्याची उष्णताच काढून टाकली त्यांनी.

आणि 'थंड माणूस' म्हणजे मराठीत प्रेम नसलेला माणूस होतच नाही. थंड म्हणजे ढिम्म, कामाला हलत नाही असा. आमच्या सासूबाई मला पंधरा वर्षं म्हणतायत.

---

बे_एके_बे

ताई, सुंदर लिहिलंय, पण 'मायेची ऊब' पण आपलीच ना? गोधडीची ऊब, आजीच्या कुशीची ऊब. भाषेत दोन्ही आहे, म्हणून भाषेवरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणी पुरावा नसतात.

---

पाटावरवंटा

पुरावा देतच नाहीये मी, पोळ्या देतेय. डिसेंबरात ऊब, मे महिन्यात सावली. ज्याची वानवा त्याचं कौतुक, एवढंच म्हणणं आहे.

---

कोरडवाहू

वाचतोय कालपासून, लिहायचं धाडस होत नव्हतं. मी बीड जिल्ह्यातला.

आमच्याकडं ऊबही नाही आन् गारवाही नाही, आमच्याकडं ओल. ज्या माणसात माया नाही त्याला आम्ही कोरडा म्हणतो. कोरडं बोलला, कोरडं विचारलं. माया असली की ओलावा. दगडाला पाझर फुटला म्हणतात, घाम फुटला कुणी म्हणत नाही. हे कुठून आलं ते आमच्याकडं जून महिन्यात या म्हणजे दिसंल. पहिला पाऊस झाला की वडील रानात जाऊन मातीत बोट खुपसायचे, पार मुळापर्यंत, आणि बोट बाहेर काढून त्याच्याकडं बघत बसायचे. माती बोटाला चिकटून आली तर पेरायचं, भुरभुर गळून पडली तर थांबायचं. त्या दिवशी घरात कोण कसं वागणार ते त्या बोटावर असायचं.

मी पुण्यात नोकरीला आलो तेव्हा कुणी हात मिळवला की मी आपोआप बघायचो, कोरडा हात का ओला. आन् गंमत म्हणजे ओला हात असला की मला माणूस घाबरट वाटायचा. म्हणजे भाषेत ओल चांगली आन् हाताला ओल नको.

---

आंबटगोड

कोरडवाहू, तुम्ही लिहीत जा हो. (हे विनोद म्हणून नाही.)

---

डॉक्टरीणबाई

मी बालरोगतज्ज्ञ, सातारा. प्रयोग टिकतात की नाही मला माहीत नाही, पण थंडीत स्टेथोस्कोप तळहातावर चांगला घासल्याशिवाय मी मुलाच्या छातीला लावत नाही. गार चकती लागली की पोर दचकतं, मग रडतं, मग छातीतलं काही ऐकू येत नाही, आणि पुढच्या वेळी दारातूनच मला बघून भोकाड. त्याच्या लेखी मी म्हणजे ती गार चकती. यात मानसशास्त्र कमी आणि सोय जास्त.

पण मोठ्यांचं सांगते. ताप बघायला कपाळासमोर धरायचं मशीन आलं आणि आज्या नाराज झाल्या. रिपोर्ट बघितले, औषध दिलं, पोर बरं झालं, तरी बाहेर जाऊन म्हणायच्या, डॉक्टरनं हातसुद्धा लावला नाही. आता मी मशीनने बघते आणि मग उगाच हाताची पालथी बाजू पण लावते. तीन सेकंद. वैद्यकीयदृष्ट्या शून्य उपयोग. 'हाताला गुण आहे हो' हे मला तेव्हापासून ऐकायला मिळतंय.

---

व्हँकुव्हरवाडी

ठाणेकर, तुमच्या बुटाला जवळचा प्रयोग कॉफीचा नाही, आमच्या गावचा आहे. कॅपिलानो झुलता पूल. दरीवर ७० मीटर उंच, दोरांवर लोंबकळलेला, चाललं की डुलतो. १९७४ मध्ये डटन आणि अ‍ॅरन या दोघांनी पुलावर एका तरुण मुलीला उभं केलं, पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना ती काही प्रश्न विचारायची आणि शेवटी फोन नंबर द्यायची, शंका असली तर फोन करा म्हणून. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला. जवळच एक साधा, दणकट पूल होता, तिथे १६ पैकी २. छाती भीतीने धडधडत होती आणि त्यांना वाटलं पोरीमुळे धडधडतेय.

तुमचं उलटं झालं. कळ टाचेत आणि वाटलं दाजीमुळे.

(होय बे_एके_बे, नमुना लहान आहे, माहितीय.)

---

बे_एके_बे

मी काही बोललो का? :) नमुना लहान आहे.

पण गंभीरपणे, शरीराचा मतावर परिणाम होत नाही असं मी म्हणत नाहीये. दुखलं की माणूस चिडतो आणि चिडलेला माणूस समोरच्याला वाईट ठरवतो, याला प्रयोगशाळा लागत नाही. माझा आक्षेप त्या नाजूक, जादूसारख्या परिणामांना आहे, की पाच सेकंद कप धरला आणि मत फिरलं. बूट तीन तास चावतो. बूट हा दणकट परिणाम आहे.

---

मिरगुंड

आणि यात एक मेख आहे. श्वार्ट्झ आणि क्लोअर, १९८३. लोकांना फोन करून विचारलं, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? छान ऊन पडलेल्या दिवशी लोक जास्त समाधानी, पावसाळी दिवशी कमी. पण फोनवर आधी सहज विचारलं की तुमच्याकडे हवा कशी आहे, तर फरक गेला. म्हणजे चिडचिड कुठून येतेय ते लक्षात आलं की माणूस ती वजा करतो. (नमुना लहान.)

म्हणून वाटतं, ठाणेकरांना त्या दिवशी कोणी विचारलं असतं की बूट चावतोय का, तर दाजी वाचला असता.

---

ठाणेकर_जुना

मिरगुंड, इथेच तर गोची आहे. मला बूट चावतोय हे चांगलं माहीत होतं! प्रत्येक पावलाला माहीत होतं! मी बुटालाही शिव्या देत होतो आणि दाजीलाही. दोन वेगळे राग आहेत अशी माझी पक्की समजूत होती. बुटाचा राग घरी आल्यावर बूट काढला तेव्हा संपला, दाजीचा राहिला. तुमचं वजा करणं मला तरी जमलं नाही.

---

व्हँकुव्हरवाडी

कारण त्याने बुटाच्या रागाला तोंड दिलं ना, "काय, दमलात?" म्हणून. नुसता बूट असता तर विरला असता. रागाला कोणीतरी वाक्य दिलं की तो टिकतो.

---

चौथी_सीट

हे पटलं. माझ्या तिसऱ्या सीटवाल्याने एकदा "सरकायला जागा नाही हो" असं म्हणलं होतं. आठ वर्षं झाली. चेहरा विसरलो, आवाज पाठ आहे.

---

निनावी_७७

इथे वाचनमात्र असतो, पण कोरडवाहूंच्या ओल्या हातावरून लिहावंसं वाटलं. तो हात माझा.

मला लहानपणापासून तळहाताला घाम येतो. थोडा नाही, पेपर लिहिताना खाली रुमाल ठेवायला लागायचा नाहीतर शाई फुटायची. घाबरल्यावर येतो असं नाही, टीव्ही बघताना येतो, झोपेतून उठल्यावर दहा मिनिटांत येतो. पण समोरच्याला ते कसं कळणार? हात मिळवला की त्याच्या चेहऱ्यावरून एक गोष्ट सरकते, अर्धा सेकंद, आणि मग तो हात खाली घेऊन हळूच पँटला पुसतो. माझ्याबद्दलचं मत तिथे ठरलेलं असतं, हा घाबरलाय, किंवा काहीतरी लपवतोय. पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूमध्ये एकाने मला पाण्याचा ग्लास पुढे करून "रिलॅक्स" म्हणलं. मी रिलॅक्सच होतो हो. त्यानंतर मात्र नाही राहिलो.

मुलगी बघायला गेलो तेव्हा बायकोच्या काकांनी हात मिळवला आणि नंतर घरात म्हणाले, मुलात दम नाही. हे मला लग्नानंतर कळलं. ठाणेकर, तुमच्या दाजींना कळलं का कधी, तुम्ही काय म्हणाला होतात ते?

२०२० मध्ये सगळे करोनाने हैराण होते आणि मी, लाज वाटते लिहायला, पण सुखी होतो. जगभरात कुणी कुणाशी हात मिळवत नव्हतं. नमस्कार. मी ऑफिसात ज्यांना पहिल्यांदा भेटलो त्या काळात, ते लोक अजून माझ्याशी वेगळे वागतात. त्यांनी माझा हात कधी धरलाच नाही.

आता उपचार करतोय, पाण्यात हात ठेवून बारीक करंट देतात, मुंग्या येतात, पण पंधरा-वीस दिवस बरे जातात.

---

कोरडवाहू

निनावीभाऊ, माफ करा. मी आजवर किती जणांना घाबरट ठरवलं असंल कुणास ठाऊक.

---

निनावी_७७

अहो माफी कसली, तुम्ही निदान लिहिलंत. बाकीचे पँटला पुसतात.

---

डॉक्टरीणबाई

निनावी, मुलांमध्येही बघते मी हे. शाळेतून चिठ्ठी येते, मुलगा वही घाण करतो. पालक रागावून आणतात. हात हातात घेतला की कळतं. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंना मी एवढंच लिहून पाठवते की याला वहीखाली टीपकागद ठेवू द्या.

---

आंबटगोड

ठाणेकर कुठे गायब झाले? निनावींनी प्रश्न विचारलाय. दाजींना सांगितलं का?

---

ठाणेकर_जुना (१९ ऑक्टोबर, रात्री ११:२०)

सांगितलं. निनावींची पोस्ट वाचून दोन दिवस झोप लागेना, शेवटी आज फोन केला. आधी इकडचं तिकडचं, फराळ, काकांची शुगर. मग म्हणलं, दाजी, एक सांगायचंय, ते गंगेवर फिरायला गेलो होतो आठवतंय? आणि सगळं सांगितलं, बूट, टाच, शिष्ट, काकू, जून, श्रीखंड.

तो बराच वेळ गप्प. मला वाटलं आता संपलं. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हाला टाच लागत होती?" मी म्हणलं हो. तर म्हणे, "मी घरी येऊन आईला सांगितलं होतं, मुलगी छान आहे, पण भाऊ भारी आखडू आहे. सगळा वेळ तोंड वाकडं करून चार पावलं मागून चालत होता, एका शब्दाला धड उत्तर नाही. म्हणून तर मी विचारलं, दमलात का, म्हणलं काहीतरी बोलेल." आणि त्याच्या आईनेही चौकशा लावल्या होत्या! दोन महिने काकूच लांबवत होती असं आम्हाला वाटत होतं, तिकडूनही निरोप येत नव्हता तो यामुळे.

बहीण मागून ओरडत होती, स्पीकरवर टाका म्हणून. टाकलं. पुढचं लिहीत नाही.

---

पाटावरवंटा

आई गं! एक बूट आणि दोन घरं!

---

छापखाना

ठाणेकर, आमच्या शेजारच्या चांभारकाकांना विचारलं तुमच्यासाठी. म्हणतात टाचेच्या कडेला आतून मेणबत्ती चोळा, नाहीतर दोन रात्री फर्म्यावर चढवून ठेवायला आणा, चामडं सैल होतं. सहा वर्षं माळ्यावर होता म्हणजे आधी तेल द्या, नाहीतर तडकेल.

---

ठाणेकर_जुना

मला नको आता तो. नऊ नंबर आहे, कुणाला हवा असेल तर ठाण्यातून घेऊन जा.

---

बे_एके_बे

टाकू नका! या धाग्यावर नऊ नंबरवाले किती आहेत हात वर करा. निम्म्यांना हे बूट घालून आणि निम्म्यांना चपलेवर गंगेवर न्यायचं, दाजी पुढे चालतील आणि पूर कुठपर्यंत चढतो ते सांगतील. चिठ्ठ्या टाकून गट पाडू. दाजींना कळू द्यायचं नाही कुणाच्या पायात काय आहे.

---

चौथी_सीट

मी नऊ नंबर. जाताना खिडकी मिळणार असेल तर येतो.

---

ठाणेकर_जुना

दाजींना विचारलं. म्हणतात चालेल, फक्त जून सोडून कधीही या.